बंद पेटीतील जीपची धूळ

सदाशिवराव भागवतांच्या दिवाणखान्यातील जीपच्या टपावरची आणि बॉनेटवरची धूळ नाहीशी झाली होती. जीप पारदर्शक प्लास्टिकच्या पेटीत बंद होती आणि पेटीचे चारही स्क्रू जागचे हललेले नव्हते.

ही जीप वीतभर लांबीची प्रतिकृती होती आणि ती मीच तयार केली होती. पिपलानीच्या वीजयंत्रांच्या कारखान्यात इन्सुलेशनच्या चाचण्या घेण्यात नोकरी संपली, त्यानंतर हा छंद लागला. सदाशिवराव पाटबंधाऱ्याच्या सर्वेक्षणात होते. बैतूलच्या कच्च्या रस्त्यांवर त्यांनी अशीच एक जीप उभी हयात पिटाळली. प्रतिकृती करायला सांगताना त्यांनी अट घातली होती, "अच्युतराव, चकाचक गाडी नको. ती आमची नव्हेच."

धूळ म्हणजे पिवळसर रंगाचा हात नव्हे. चाकांमागे ती फवारल्यासारखी वर चढते, टपावर सपाट बसते, वायपरच्या कमानीत नसते आणि चालकाचे कोपर टेकते तेथे दार पुसल्यासारखे दिसते. खडूची पूड आणि चाळलेली माती मऊ ब्रशने मी एकेका जागी बसवली. त्यावर वॉर्निश मारले नाही. वॉर्निश कणांमधली हवा भरून काढते; मग फिकट धूळ काळवंडते आणि चिखलासारखी दिसू लागते. म्हणून ती सुटीच ठेवली आणि झाकण स्क्रूने आवळून दिले.

जीप आषाढात दिली. पावसाळाभर तिला काही झाले नाही. दिवाळीनंतर ती हळूहळू स्वच्छ होत गेली.

एवढ्यावर मला कोटरा सुल्तानाबादला, त्यांच्या घरी, बोलावण्याचे कारण नव्हते. कारण निराळे होते. सदाशिवरावांनी फोनवर मुलाला सांगितले होते, "अमेय, तुझी आई जीप पुसते बरं का." इंदुमतीवहिनी जाऊन दोन वर्षे झाली होती. अमेय पुण्याहून आला तो दोघांची परतीची तिकिटे काढूनच. घर बंद करायचे, बाबांना घेऊन जायचे, असे त्याने ठरवले होते.

"काका, तुम्हीच समजवा त्यांना," अमेय म्हणाला. "आज जीप पुसते म्हणतात. उद्या गॅस चालू ठेवून म्हणतील, आई बंद करेल."

"अरे यार, मजाक केला होता," सदाशिवराव म्हणाले. "तू तर सीधा रिझर्वेशनच केलंस."

"पूर्ण मजाक होता का बाबा?"

सदाशिवरावांनी चहाचा कप बशीत ठेवला. "आधा," ते म्हणाले. "दौऱ्यावरून आलो की ही दारातच अडवायची. आधी ती गाडी धुवा, मग घरात या. आता बंद पेटीतली धूळ जाते, तर मी कोणाचं नाव घेऊ? तुझं? तू तर वर्षातून दोनदा येतोस."

मी पेटी उचलून खिडकीशी नेली.

चाकांच्या खाचांत आणि गाडीच्या पोटाखाली धूळ शाबूत होती. गेली होती ती फक्त झाकणाला जवळ असलेल्या भागांवरची. पुसणारा हात असा भेद करत नाही. झाकण तिरप्या उन्हात धरले तेव्हा त्याच्या आतल्या बाजूला पिवळसर पातळ थर दिसला. म्हणजे धूळ पेटीबाहेर गेलेली नव्हती. ती वर चढली होती. मी हाताची मागची बाजू झाकणाजवळ नेली. केस किंचित उभे राहिले.

"सदाशिवराव, हे झाकण पुसता?"

"रोज. पूजा झाली की."

"कशाने?"

ते उठून देवघराच्या खणातून एक जांभळा, घडी घातलेला तुकडा घेऊन आले. "हिची साडी फाटली होती. तिनेच तुकडे करून ठेवले होते, देवाची भांडी पुसायला. मऊ असतो. ओरखडे उठत नाहीत."

तुकडा रेशमी होता. मी चार स्क्रू काढले. खिशातल्या डबीतली चिमूटभर पूड ताटलीत पसरली, तिच्यावर झाकण थोडे उंच धरले आणि वरून रेशीम घासले. पूड उडून आतल्या बाजूला चिकटली.

"एक मिनिट, मला द्या," अमेय म्हणाला. त्याने झाकण ओल्या फडक्याने पुसून पुन्हा पूड पसरली आणि ओल्या सुती फडक्यानेच वरून घासले. काहीच झाले नाही. झाकण वाळवून रेशीम घासले, तेव्हा पूड पुन्हा उडाली. अभियंता नसूनही त्याने प्रयोग नीट केला.

"पण पावसाळ्यात?" त्याने विचारले. "तेव्हाही बाबा पुसतच होते."

"ओलसर हवेत घासण्याने आलेला विद्युतभार टिकत नाही. आता हवा कोरडी आहे."

सदाशिवराव झाकणाकडे बघत होते. "मतलब माझं डोकं ठिकाणावर आहे?"

"त्याची चाचणी मी घेतलेली नाही," मी म्हणालो. "झाकणापुरतं तरी आहे."

ते मोठ्याने हसले. झाकण ओल्या सुती कापडाने पुसावे असे ठरले. मी ब्रश काढून टपावर नवी धूळ बसवायला घेतली. रेशमी तुकडा सदाशिवरावांनी घडी घालून खणात ठेवला, देवाच्या भांड्यांसाठी. अमेयने मोबाईलवर एक तिकीट रद्द केले. मग त्याच्या बायकोचा फोन आला. तिने काय विचारले ते मला ऐकू आले नाही. त्याचे उत्तर ऐकू आले.

"नाही, बाबा इथेच राहतील. जीप कोणी पुसत नव्हतं गं. बाबा रोज आईच्या रेशमी साडीच्या तुकड्याने झाकण घासतात. हवा कोरडी असली की झाकणावर विद्युतभार जमतो आणि गाडीवरची सुटी धूळ वर ओढली जाते."