रिबकाचा उपास

तेलुगू मुलखातल्या इचोड्याच्या बाहेर, नागपूरकडे जाणाऱ्या सडकेला लागून असलेल्या एका ढाब्यावर नागोराव आचारी होता. त्याच्या हातची वांग्याची भाजी आणि ज्वारीची भाकर खायला मराठी मुलखातले ड्रायव्हर मुद्दाम गाडी थांबवत. बायको पंचफुला तापानं गेली तेव्हा लेक रिबका नुकती चालायला लागली होती. घरी सांभाळणारं कोणी नव्हतं. नागोरावनं पोरीला ढाब्यावरच वाढवलं. पिठाच्या पोत्याला टेकून ती बसायची, मुठीत भाकरीचा तुकडा, गाल टम्म फुगलेले. तिला पाहून नागोराव म्हणायचा, "माही ढब्बू!" त्याचं ऐकून मालक म्हणू लागला, मग ड्रायव्हर म्हणू लागले. रिबका हे बाप्तिस्म्याचं नाव चर्चमध्ये आणि शाळेच्या हजेरीत तेवढं उरलं.

ती नववीत असताना ईस्टरच्या आधीचा उपासकाळ सुरू झाला. पहिल्याच संध्याकाळी ती बापाला म्हणाली, "बाबा, यंदा मी रोज उपास करते. एकच वेळ जेवीन."

नागोरावला भरून आलं. त्याला स्वतःला कधी उपास जमला नव्हता. रोज भट्टीपुढे उभं राहायचं, मीठ-तिखट चाखायचं, त्यात उपास कसला धरणार! आपली पोर धरते म्हणून त्याची छाती फुगली. त्यानं ते चर्चचे पाळकसाहेब अमृतराव यांच्या कानावर घातलं. अमृतरावांनी रविवारच्या उपदेशात सगळ्या मंडळीसमोर सांगितलं, "मोठ्यांना जमत नाही ते आपल्यातलं एक लेकरू करून राहिलं आहे." सगळ्यांच्या माना रिबकाकडे वळल्या. ती खाली बघत राहिली. लाजली असेल, असं नागोरावला वाटलं.

महिनाभरात पोरीच्या गालाची हाडं वर आली. बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. चुलीशी बसली की उठताना भिंत धरायची. नागोरावनं एकदा विचारलं, तर म्हणाली, "उपास आहे ना, बाबा." देवाच्या कामात आपण काय बोलावं, म्हणून तो गप्प बसला.

एके दिवशी शाळेतून चपराशी सायकल हाणत ढाब्यावर आला. पोरगी सकाळच्या प्रार्थनेत उभ्या उभ्या कोसळली होती. नागोराव भट्टी तशीच सोडून धावला. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं तिच्या डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली, पोट चाचपलं आणि आपल्या तेलुगू वळणाच्या हिंदीत नागोरावला फैलावर घेतलं. पोरीच्या अंगात रक्त नाही, कित्येक दिवस पोटात धड अन्न नाही, बाप म्हणून काय बघत होतास?

"एक वेळ जेवते ना साहेब," नागोराव म्हणाला.

रिबकानं तोंड भिंतीकडे फिरवलं. ती एक वेळची भाकरही घरामागच्या कुत्र्याला जात होती.

खबर ऐकून पाळकसाहेबांची बायको जयवंताबाई आली. चर्चमध्ये मुलींचा वर्ग तीच घ्यायची. सलाईन लावलेल्या हाताशेजारी बसून तिनं थोडा वेळ पोरीचे केस सारखे केले. मग विचारलं, "खरं सांग बाई. हा उपास कोणासाठी?"

"सुरवातीला देवासाठीच होता."

"मग?"

"मग सलवार ढिली झाली. मले बरं वाटलं." रिबका सांगू लागली. "उपासाच्या आधी शाळेत दवाखान्यावाले वजन कराले आले होते. वर्गापुढं काट्यावर उभं केलं आन सगळ्याइचं वजन मोठ्यानं वाचलं. माहं वाचलं तसं मागून कोणी तरी ओरडलं, ढब्बू! सगळा वर्ग हसला. तवापासून रोज तेच. पोरी बी म्हणतात."

नागोराव ताडकन उठला. "कोण ओरडलं? नाव सांग. उद्याच येतो शाळेत."

"कोणाकोणाचं सांगू? त्याइनं ते ढाब्यावर ऐकलं." ती बापाकडे न बघता म्हणाली, "नाव तं तुमीच ठेवलं, बाबा."

नागोराव पुन्हा खाली बसला. म्हणाला, "लाडानं म्हणत होतो, माय."

"मले माहीत आहे. म्हनून तं कधी बोलली नाई."

जयवंताबाई म्हणाली, "तुमाले एकट्याले काय बोल लावावा, नागोरावभाऊ? मी पोरींना वर्षभर काय सांगते? ओढणी नीट घ्या, अंग झाका, मान खाली ठेवा. देवानं माणूस घडवला, पाहिला आन त्याले तो चांगला वाटला, हेही शिकवते. पण त्या चांगल्यात तुमचं अंग बी आलं, असं माह्या तोंडून कधी निघालं नाई. उलट वर्गात बसून मीच म्हणते, किती काळी झाली मी, किती सुटली! पोरी ऐकतेतच ना."

मग रिबकाकडे वळून ती म्हणाली, "हा उपास आज सुटला. देवानं तुह्याकडं मागितलाच नोहता."

"पाळकसाहेब काय म्हनतील?"

"त्याले मी पाहून घेते."

रिबकाला घरी आणल्यावर दुसऱ्याच दिवशी अमृतराव आले. चहा झाल्यावर म्हणाले, "पोरी, तुह्या उतरलेल्या तोंडाले मी भक्ती समजलो. आधी तुले विचाराले पाहिजे होतं. चुकलो मी." रिबका गोंधळली, पाळकसाहेब असं कोणाला म्हणताना तिनं पाहिलं नव्हतं. पुढच्या रविवारी त्यांनी तिचं नाव काढलं नाही. वाढत्या वयाच्या लेकरांनी अन्न सोडायचं नाही, उपास धरायचाच तर भांडणाचा आणि चुगलीचा धरा, एवढंच सांगितलं.

ढाब्यावरचं ते नाव मोडायचं काम मात्र नागोरावचं होतं. पोरगी दप्तर घेऊन आली तसा बाबाराव नावाचा जुना ड्रायव्हर खाटेवरून ओरडला, "काऊन वो ढब्बू, वाळली का!"

नागोरावनं झारा खाली ठेवला आणि त्याच्यापुढं जाऊन उभा राहिला. "तिचं नाव रिबका हाय. आजपासून त्याच नावानं हाक मारायची."

"अरे, लाडाचं नाव हाय ते! तूच तं ठेवलं."

"लाड माहा झाला, दुखलं तिले. मीच ठेवलं, मीच काढून राह्यलो."

बाबारावला राग आला. तो जेवण अर्धवट टाकून गेला आणि बरेच दिवस गाडी पुढच्या ढाब्यावर लावत राहिला. मालकानं कुरकुर केली. नागोरावनं ती ऐकून घेतली. त्याची स्वतःचीही जीभ सहज वळत नव्हती. हाक मारताना 'ढ' तोंडात यायचा आणि तो गिळून टाकायचा.

पोरगी लगेच सुधारली असं नाही. नागोराव ताट शिगोशीग भरून तिच्यापुढं ठेवी आणि घासाघासाकडं बघत बसे. ती दोन घास खाऊन उठे. जयवंताबाईनं त्याला बजावलं, "तिच्या ताटात पाहू नका. तुमचं ताट घेऊन तिच्यासंगं बसा." नागोराव आचारी माणूस, सगळ्यांचं झाल्यावर भट्टीशी उभ्यानं चार घास खाणारा. त्यानं मालकाला सांगून संध्याकाळची वेळ मागून घेतली आणि बाप-लेक समोरासमोर जेवायला बसू लागले. बोलणं शाळेचं, गाड्यांचं, शेजारच्या शेळीचं. अन्नाचं नाही. काही दिवस ती नीट जेवायची, काही दिवस नुसती भाकर चिवडत बसायची. तरी पावसाळा सरता सरता उठताना भिंत धरायचं थांबलं. शाळेत दोन-चार जण अजून चिडवतात, असं तिनंच एकदा सांगितलं. सांगताना रडली नाही.

दिवाळीच्या सुट्टीत दोघं अंगणात बसून शेंगा फोडत होते. रिबकानं एकदम विचारलं, "बाबा, आई अंगानं कशी होती?"

पंचफुलाचा फोटो नव्हता. नागोराव हातातली शेंग तशीच धरून आठवू लागला. "खांदे रुंद होते. दंड भरलेले. कापसाचं गाठोडं घेऊन अशी चाले, का मी मागं राहून जाई."

"म्हनजे जाडी होती?"

त्याला खोटं बोलायचं नव्हतं. "हो. भरलेली होती. तुह्यासारखीच."

"तुमाले चालत होतं?"

"चालत होतं?" नागोराव हसला. "अवं, तिले पाहाले मी वाट वाकडी करून त्याइच्या वावरावरून जाई. तिच्या भावानं दोनदा हाकललं मले."

"मंग?"

"मंग तिसऱ्यांदा गेलो तं तीच बांधावर उभी होती. म्हने, रोज रोज चक्कर मारता, पायाले काटे रुततील, घरीच येऊन बोला ना."

रिबका खदखदून हसली. शेंगांची टोपली कलंडली, तीही तिनं उचलली नाही. बापाच्या जवळ सरकून म्हणाली, "आनखी सांगा. ती चिडे का? गाणं म्हने का? सगळं सांगा."