स्मरणार्थ निजायची सोय

गेणूच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही, याला आता चौदा महिने झाले. निळं अंतर्देशीय पत्र होतं. गेणू आणि मी अंथुर्ण्याच्या शाळेत एका बाकावर बसायचो. पुढे तो कळसला पेरू आणि टोमॅटो पिकवू लागला आणि मी बारामतीत एका वाचनालयाचा ग्रंथपाल झालो. त्याच्या दोन्ही कानांनी काम थांबवल्यापासून फोनचा उपयोग उरला नव्हता, म्हणून पत्र.

त्यात होतं: "रघू, आमच्या ज्ञानेशनं बॅटरीवरची पिकअप घेतली हाय. पुण्याला माल टाकून येताना दोन-तीन तास चार्जिंगला थांबावं लागतं, तवा मागच्या हौद्यावर पत्र्याचा टप बसवून आत झोपायची सोय करायचं म्हणतोय. मी म्हटलं, एक न्हाय, दोन पलंग कर. पेरू संपला की आपुन दोघं त्यातनं समुद्राला जाऊ. मी समुद्र बघितला न्हाय, तू पुस्तकातच बघितलाय. परदेशात लोक गाडीत कसं झोपतात ते तू वाचलं असशील. कळव."

मी वाचलं नव्हतं. पण तसं कळवायची लाज वाटली, म्हणून वाचायला घेतलं. पहिल्या मसुद्यात मी लिहिलं, की दोन माणसांच्या श्वासानं रात्री पत्र्याला आतून पाणी सुटतं, तेव्हा दोन्ही बाजूंना समोरासमोर जाळी हवी. दुसऱ्यात टपाचं वजन आणि बॅटरी किती पल्ला देईल याचं कोष्टक आलं. तिसरा मसुदा अकरा पानांचा झाला आणि वाटलं, शेतकऱ्याला आपण अक्कल शिकवतो आहोत. तोवर पेरू संपला. आता 'उशीर झाला, क्षमा कर' हे वाक्य घालणं भाग होतं, आणि त्याच वाक्यावर गाडी अडली. जितका उशीर होई तितकी क्षमा मोठी मागावी लागे, आणि मोठी क्षमा लिहायला आणखी वेळ लागे.

या नोव्हेंबरात एका बुधवारी मी हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेलो. माझा अंगठा यंत्राला दोनदा पटला नाही, तिसऱ्यांदा पटला. सरकारदरबारी आणखी एक वर्ष जिवंत ठरून मी भिगवण रस्त्यानं घरी निघालो. वाटेत एका हॉटेलच्या आवारात चार्जिंग पॉइंट आहे. तिथं एक पांढरी पिकअप तारेला लावलेली होती. मागं पत्र्याचा टप, टपाला दार, आणि दारावर लाल रंगात, वळणदार अक्षरांत:

कै. रघुनाथ शिराळकर, ग्रंथपाल, बारामती
यांच्या स्मरणार्थ
गेणू, कळस

मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा मनात आलं ते हे, की आडनाव शुद्ध लिहिलं आहे.

"काय बघताय, तात्या? आत बघायचंय का?" चाळिशीचा एक माणूस चहाचा कप घेऊन आला. नाक थेट गेणूचं. ज्ञानेशच असणार; मी त्याला पाळण्यात पाहिलं होतं.

"हे कोण होते?" मी दाराकडे बोट केलं.

"आबांचं दोस्त. वारलं."

"कधी?"

"तारीख नक्की न्हाय. आबांनी पत्र धाडलं, त्याला उत्तरच न्हाय. सहा महिनं वाट बघितली. मंग आमच्यातला अविराज बारामतीला यायचा होता, त्याला घर बघून यायला लावलं. तर कुलूप! शेजारीण म्हनली, पुण्याला दवाखान्यात नेलंय, महिना झाला, आलं न्हाईत. आबा म्हनलं, मंग गेला. रघू जिता असता तर उत्तर दिल्याबिगर ऱ्हायला नसता."

मी पुण्याला मुलीकडे, अबोलीकडे, मोतीबिंदू काढायला गेलो होतो आणि नातीमुळे दीड महिना राहिलो होतो. परतल्यावर शेजारणीनं कुणी आल्याचं सांगितलं नव्हतं. मीही तिला कधी काही विचारत नाही.

"तुमी ओळखायचा त्यास्नी?" ज्ञानेशनं विचारलं.

"थोडंफार."

"कसं होतं मानूस?"

या प्रश्नाचं उत्तर मी बरीच वर्षं शोधतो आहे. शेवटी म्हणालो, "पत्रांना उत्तर देत नसे."

ज्ञानेशनं कप बोनेटवर ठेवला. "तात्या, वयानं मोठं हायसा म्हनून ऐकून घेतो. गेलेल्या मान्साबद्दल असं बोलू नये. आमचा आबा आठवीत गणितात पास झाला तो त्या मान्सामुळं. एक शब्द वंगाळ बोलायचा न्हाय, त्यांच्याच गाडीम्होरं उभं ऱ्हाऊन!"

"चुकलं," मी म्हणालो. खरंच चुकलं असं वाटलं.

मग त्यालाच वाईट वाटलं असावं. त्यानं दार उघडलं. आत दोन अरुंद पलंग, चौकोनी पाइपाचे, त्यांवर प्लाय आणि प्लायवर फोमच्या गाद्या. खाली पेरूचे रिकामे क्रेट. दोन्ही बाजूंना समोरासमोर जाळ्या होत्या. लोणी भापकरच्या वेल्डरनं त्या एका सकाळी बसवल्या, असं ज्ञानेश म्हणाला; काहीही न वाचता. एका पलंगावर चुरगळलेली वाकळ होती. दुसऱ्यावरची चादर ताणून घातलेली, एक सुरकुती नाही.

"त्यावर कुनी झोपायचं न्हाय," ज्ञानेश म्हणाला. "माझा मेव्हना विजयसिंह नुसता टेकला, तर आबा दोन दिस माझ्याशी बोललं न्हाईत."

"मी पाच मिनिटं आडवा होऊ का? बँकेत फार वेळ उभा होतो."

तो घुटमळला, त्यानं हॉटेलकडे पाहिलं, जणू आबा तिथं बसले आहेत. "व्हा. पर चप्पल काढा."

माझ्या स्मरणार्थ केलेल्या पलंगावर मी झोपलो. पलंग चार बोटं आखूड होता. पाय दुमडावे लागले.

"लहान केलाय," मी म्हणालो.

"वेल्डरनं माप विचारलं तवा आबांनी हात वर करून दावलं, एवढा हाय म्हनलं. आता शाळेतली आठवन ती! मानूस पुढं वाढतो, हे आबाच्या ध्यानातच आलं न्हाय."

"आणि समुद्राचं काय झालं?"

"आबांनी सांगितलं का तुमास्नी?" तो चमकला. मग त्याचं त्यालाच वाटलं असावं, की आपणच बोललो असू. "न्हाई गेलं. एकटा जाऊन कुनाला दावू म्हनत्यात. आता पेरू निघाय लागला, टपात क्रेट मावत न्हाईत. सोमवारी टप उतरवायचा. एकदा उतरवला की परत कोन चढवतंय? बांधावर ठेवू, कोंबड्यांना बरा हाय."

म्हणजे चार दिवस होते. नंतर माझ्या नावाच्या घरात कोंबड्या. 'अरे, तो मीच' हे शब्द ओठांवर आले. पण गणितात पास करणारा, शब्दाला पक्का असा तो गेलेला माणूस ज्ञानेशच्या बोलण्यात इतका उजळ होता, की त्याच्या जागी स्वतःला पुढं करायचा धीर होईना. मी उठलो. चादर ताणून घातली.

ज्ञानेशनं तार काढली आणि केबिनमधून दोन पेरू काढून माझ्या हातात ठेवले. "रघुनाथरावांच्या नावानं घ्या," तो म्हणाला. मी घेतले. नाही कसं म्हणणार?

घरी येऊन अकरा पानं काढली. वाचली. त्यात सगळं बरोबर होतं. ती बाजूला ठेवून एका कोऱ्या कागदावर लिहिलं:

"गेणू, मी मेलो नाही. लिहीत बसलो होतो. टप उतरवू नकोस. ज्ञानेशसमोर माझी निंदा करणारा म्हातारा मीच होतो, पण त्याला रागावू नकोस. पलंगावर मीच हट्टानं झोपलो. शनिवारी सकाळच्या एसटीनं कळसला येतो. फाट्यावर थांब आणि मला बघून घाबरू नकोस. पिशवीत दोन दिवसांचे कपडे असतील. रघू."

पाकीट चिकटवल्यावर 'मेलो नाही' हे फार उद्धट वाटलं. 'हयात आहे' बरं दिसलं असतं. पण साडेतीन वाजले होते आणि पोस्टाची खिडकी चारला बंद होते. चपला उलट्यासुलट्या घालून मी निघालो. रांगेत माझ्यापुढं दोघं होते. त्यांचं होईपर्यंत मी पाकिटाची एक कड नखानं उकलून पाहिली, उकलत होती.

"स्पीड पोस्ट का?" खिडकीतल्या बाईंनी विचारलं.

"हो. पण त्यात एक शब्द जरा..."

"आजोबा, मागं माणसं आहेत," त्या म्हणाल्या. त्यांनी माझ्या बोटांतून पाकीट ओढून घेतलं, उकललेली कड डिंकानं दाबली आणि वर शिक्का मारला.