ताप अंगावर काढू

मी एक जुना पत्र्याचा फलक आहे. दवाखान्याच्या व्हरांड्यात, बाकड्याच्या वर टांगलेला. मित्रांनो, सांगायची लाज वाटते, पण सांगतो.

तरुणपणी माझ्यावर ‘शांतता राखा’ असं लिहिलेलं होतं आणि लोक माझ्याखाली बसून मनसोक्त भांडत. नव्या फ्लूची साथ आली तेव्हा रंगाऱ्याने मला घासूनपुसून लाल अक्षरांत लिहिलं, ‘ताप अंगावर काढू नका.’ जागा पुरेना, म्हणून ‘नका’ खालच्या ओळीत गेलं. तरी माझा काय तोरा! येणारेजाणारे थांबून वाचत. थोरल्या सिस्टर माझ्यासमोर उभ्या राहून लोकांना समजावत, “हा साधा सर्दीताप नाही. गरोदर बायकांना जास्त धोका आहे. अंग तापलं की कामाला जायचं नाही, आम्हाला कळवायचं.”

पुढे कुणीतरी ‘नका’च्या वरच खिळा ठोकला. सिस्टर घरून घालून आलेला स्वेटर त्यावर अडकवू लागल्या. ‘नका’ झाकलं गेलं आणि उरलं, ‘ताप अंगावर काढू’. लोक हसले, मीही हसलो. स्वेटर मात्र कुणी हलवला नाही.

मग सिस्टरांनाच ताप भरला. तरी त्या आल्या. झाडलोट करणाऱ्या मावशी म्हणाल्या, “अहो, डोळे बघा किती लाल झालेत. घरी जा बघू.”

“गोळी घेतलीय हो मावशी. मी गेले तर एवढी गर्दी कोण बघणार?”

डॉक्टर म्हणाले, “वा सिस्टर! याला म्हणतात काम!” सगळ्यांनी माना डोलावल्या. मलाही त्यांचं कौतुक वाटलं. माझ्याच अंगावर काय लिहिलंय, याचा मला विसर पडला होता.

त्या दिवशी बाकड्यावर शिंपीणकाकूंची सून बसली होती. सातवा महिना, नुसती तपासणीला आलेली. सिस्टरांनी मास्क हनुवटीवर ओढून तिच्याशी गप्पा मारल्या, तळहातात खोकल्या आणि त्याच हाताने तिची नाडी पाहिली.

आठवडा उलटायच्या आत ती पोर तापाने फणफणली. तिला धाप लागली, मोठ्या इस्पितळात हलवावं लागलं. बाळ वेळेआधीच जन्मलं.

काल ती आली, पार वाळलेली. तिने सिस्टरांचे दोन्ही हात धरले. “सिस्टर, अंगात ताप असूनही तुम्ही मला तपासलंत. हे उपकार मी विसरणार नाही.”

सिस्टरांची मान वर होईना. “बाळ कसं आहे गं?”

“काचेच्या पेटीतच आहे अजून. श्वास नीट घेत नाही.”

“उपकार म्हणू नकोस,” सिस्टर कशाबशा म्हणाल्या. “तो ताप तुला माझ्याकडूनच आला असणार.”

तिने सिस्टरांचे हात हळूच सोडले.

मित्रांनो, तेव्हा मला वाटलं, भिंतीने मला गिळून टाकावं. वाहवा करणाऱ्यांत मीही होतो ना! म्हणून एकच विनवणी. तुमच्या घरातलं कुणी तापाने कण्हत कामाला निघालं, तर त्याचं कौतुक करू नका. दारात आडवे उभे राहा.