चादरीचं दुसरं टोक

आजींची एकच अट होती. आमच्या पुस्तकात त्यांच्या मोठ्या बहिणीचं नाव यायला हवं.

"बाकी मला काही नको," त्या म्हणाल्या. "फोटो नको, सत्कार नको. ताईचं नाव तेवढं छापा. ती कुठेच नाही. ना कामगारांच्या यादीत, ना इस्पितळाच्या वहीत, ना साथीत गेलेल्यांच्या पाटीवर. मी गेले की संपलंच."

एवढं बोलून त्यांनी ते नाव सांगितलं. त्या नाव घेणार हे वाक्याच्या चढावरूनच माझ्या लक्षात आलं होतं, म्हणून मी आधीच रेकॉर्डर थांबवला. त्या दुपारी त्यांनी नाव तीनदा घेतलं आणि मी तीनदा बटण दाबलं. नाव रेकॉर्ड करायचं नाही, हा नियम होता. नियम माझाच होता.

आमचा साहित्याचा वर्ग तेव्हा तापाच्या साथीवरची एक जुनी कादंबरी वाचत होता. लेखक कुठल्याशा कचेरीत कारकून होता. शहर बंद होतं त्या वर्षी तो खोलीच्या खिडकीतून समोरचं इस्पितळ बघत बसायचा आणि लिहायचा. सरांच्या डोक्यात आलं की त्या काळातली जी माणसं अजून आहेत त्यांना गाठावं आणि प्रत्येकाकडून एक नेहमीचा दिवस मागून घेऊन त्यांचं पुस्तक काढावं. किती वाजता उठलात, पाणी कुठून आणलंत, काय खाल्लंत, हात कशाने धुतलेत. "कादंबरीत माणसं एकतर रडतात नाहीतर मरतात," सर म्हणायचे. "मधल्या वेळात ती भांडी घासतच असतील की. मला ती भांडी हवीत."

मी रसायनशास्त्राची पदवी घेऊन या वर्गात आले होते. वर्गात मला परीक्षानळी म्हणत. प्रश्नावली करायचं काम साहजिकच माझ्याकडे आलं. छत्तीस प्रश्न, सगळ्यांना तेच, त्याच क्रमाने. नावांऐवजी क्रमांक. आणि तीन आठवड्यांनी पुन्हा जाऊन तेच छत्तीस प्रश्न विचारायचे. दोन्ही वेळची उत्तरं सत्तर टक्के जुळली तर माहिती ठेवायची, नाहीतर बाद.

"माणसं आहेत ती, आम्ल नाही," वर्गातला दाढी म्हणाला. त्याला दाढी होती आणि ती तो एखादी कविता असल्यासारखी कुरवाळायचा.

"आम्लसुद्धा दोनदा तपासतात," मी म्हटलं. सगळे हसले. सरही हसले. मला बरं वाटलं.

आजी म्हणजे क्रमांक एकतीस. शहाऐंशी वर्षांच्या. लिफ्ट असलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर मुलगा-सुनेकडे राहायच्या. साथीच्या वर्षी त्या अकरा वर्षांच्या होत्या आणि इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होत्या. ताई चौदाची. दोघींचं वय कमी म्हणून नावं यादीवर नव्हती. मुकादम हातात पैसे ठेवायचा.

"आता एक नेहमीचा दिवस सांगा," मी म्हटलं.

"ताई उठवायची," त्या लगेच म्हणाल्या. "पायाचा अंगठा ओढून. मग एका ताटलीत दोघींचा पाव. मऊ भाग मला, कडा तिला. मग धुलाईघर. चादरी उकळून, खळ देऊन, वाळून यायच्या. आमचं काम घड्या घालायचं. ती भिंतीशी उभी राहायची, ती उंच ना. मी दोन टोकं धरून चार पावलं पुढे जायची, तिच्या हातात द्यायची, वाकून खालची घडी उचलायची, परत मागे. चार पुढे, चार मागे. दिवसाला तीनशे. ती मोजायची. मी मोजताना चुकायची म्हणून चिडवायची मला. मग थंडीत तिला..."

"आजी," मी म्हटलं, "नेहमीचं तेवढंच सांगा. विशेष प्रसंग आपण घेत नाही आहोत."

त्या थांबल्या. मला आठवतं की मी ते अगदी मऊ आवाजात म्हटलं होतं.

"विशेष नको," त्या म्हणाल्या.

"नको. आणि नावंही नकोत. कुणाचीच घेत नाही. तुम्ही एकतीस आहात."

"आणि ती?"

मी कागदावर बघितलं. कुटुंबातल्या व्यक्तींसाठी मी क्रमांकापुढे अक्षर ठेवलं होतं. "एकतीस-अ."

त्यांनी मान हलवली. सून चहा घेऊन आली आणि त्यांनी सुनेला सांगितलं, "हुशार आहे हो पोरगी."

तीन आठवड्यांनी मी परत गेले. या वेळी त्या खुर्चीत ताठ बसल्या होत्या, तोंडी परीक्षेला बसल्यासारख्या. सकाळी कोण उठवायचं? भोंगा. पाव किती? एक, पूर्ण, कडांसकट. घड्या कशा घालायच्या? भिंतीत खुंटी होती, तिला दोन टोकं अडकवायची आणि आपण मागे जाऊन ताण द्यायचा. दिवसाला किती? शंभर, सव्वाशे. कुणी मोजायचं? कुणी नाही.

छत्तीसपैकी चौदा उत्तरं जुळली. एकोणचाळीस टक्के. वय लक्षात घेता यात नवल नव्हतं. मी विभागाच्या छापील कागदावर पत्र टाइप केलं: आपण दिलेल्या माहितीत मोठी विसंगती आढळल्याने ती ग्राह्य धरता येत नाही, सहकार्याबद्दल आभारी आहोत. सरांनी न वाचताच सही केली. रोज वीस कागदांवर सही करायचे ते.

महिन्याभराने वर्गात कादंबरीचं नववं प्रकरण आलं. त्यात लेखक पुन्हा खिडकीशी बसतो आणि धुलाईघराच्या अंगणात एक लहान मुलगी चादर घेऊन उभी असलेली बघतो. तिसऱ्या प्रकरणात त्याच अंगणात दोघी होत्या. त्याने लिहिलं होतं, चादर मध्ये धरून त्या नाच केल्यासारख्या जवळ येत आणि लांब जात.

"इथे एकाकीपणा आहे," दाढीने सुरू केलं. "समाज तुटतोय. दोनाचं एक होणं. पांढरा रंग बघा."

"पांढरा रंग कारण चादर आहे," मी म्हटलं. "आणि दोनाचं एक झालं कारण लेखक विसरला. चूक आहे ती. सहा प्रकरणांपूर्वी काय लिहिलं हे त्याने उलटून पाहिलेलं नाही."

"तुला सगळीकडे चुकाच दिसतात."

"असतात तिथेच दिसतात."

सर कंटाळले होते. शब्दांचा कीस काढणं त्यांना आवडायचं, पण जेवणानंतर नाही. "ते सोडा," ते म्हणाले. "आपला विषय काय? रोजचं जगणं. मला सांगा, एवढी मोठी चादर एकट्या लहान मुलीने घडी कशी घालायची? कुणाला माहीत आहे?"

"खुंटीला अडकवून," मी म्हटलं.

उत्तर तोंडातून आधी गेलं आणि मग मला ऐकू आलं. समोर कादंबरी उघडी होती. मी तिसरं प्रकरण काढलं, मग नववं. मध्ये त्या हिवाळ्याबद्दल एकच ओळ होती: तो हिवाळा कसाबसा सरला. एक पाव पूर्ण, कडांसकट. कुणी मोजायचं, कुणी नाही. जी बावीस उत्तरं जुळली नव्हती ती सगळी एकाच दिशेला सरकली होती. प्रयोगशाळेत असं दिसलं असतं तर मी उपकरणाला दोष दिला नसता. मध्ये काय घडलं ते आधी शोधलं असतं.

"काय झालं?" दाढीने हळूच विचारलं.

"पत्र गेलंय," मी म्हटलं.

त्याच दुपारी मी आजींकडे गेले. दार सुनेने उघडलं. चेहऱ्यावरून पत्र घरात वाचलं गेलं होतं हे कळत होतं.

"आता काय राहिलंय?" ती म्हणाली. "पत्र आल्यापासून नीट जेवल्या नाहीत. सारखं विचारतात, मी खोटं बोलते का गं. मी काय सांगू? मी होते का तिथे?"

आजी पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. मी खाली जमिनीवरच बसले आणि सगळं सांगितलं. माझी मोजण्याची पद्धत चुकली, तुम्ही नाही. दोन्ही दिवस खरे होते. एक ताई असतानाचा, एक ती गेल्यानंतरचा.

"तुम्हाला ती नको होती ना," त्या म्हणाल्या. रागाने नाही, मला आठवण करून दिल्यासारखं. "विशेष नको म्हणालीस. म्हणून दुसऱ्या खेपेला मी तिच्यानंतरचा दिवस सांगितला. म्हटलं, यात तरी अडचण यायची नाही."

"आजी, मला तिचं सांगा. आज मी मध्ये बोलणार नाही."

"काय सांगू?" त्यांनी हात मांडीवर उलटे करून ठेवले. "आधी सांगायचं होतं. मग पत्र आलं. शिकलेली माणसं आहेत, तपासल्याशिवाय लिहिणार नाहीत. पंच्याहत्तर वर्षं मी एकटीच म्हणत आले की ती होती. आई-बाप तर आधीच गेले होते. मुकादम गेला. कुणी दुसऱ्याने कधी म्हटलं नाही, हो, होती. आता मलाच वाटतं, एकटीला करमेना म्हणून मी बनवली असेल. लहान मुलं करतात तसं."

मी पिशवीतून कादंबरी काढली आणि तिसऱ्या प्रकरणातला तो परिच्छेद वाचून दाखवला. त्या दोघी ह्याच होत्या हे मला सिद्ध करता येत नाही. त्या इस्पितळात आणखीही मुली असतील. तरी मी वाचलं, आणि हे त्यांना सांगितलंही नाही. असं मी पहिल्यांदाच केलं.

"गोष्टीचं पुस्तक आहे ना ते?" त्यांनी विचारलं.

"हो."

"गोष्टीत काय, काहीही असतं."

मग मला दुसरं काही सुचेना, म्हणून मी पलंगावरची चादर ओढून काढली. सून दारातून बघत होती. मी भिंतीशी जाऊन दोन टोकं धरून उभी राहिले. आजी बराच वेळ उठल्या नाहीत. मग उठल्या. चादरीची दुसरी दोन टोकं उचलली, ताण दिला, एक झटका मारून सुरकुती काढली आणि पुढे आल्या. चार पावलं. म्हातारपणामुळे ती सहा झाली. टोकं देताना त्यांनी हात वर उचलले. त्यांच्या डोक्याच्याही वर. मी त्यांच्याहून फार उंच नाही. माझे हात खाली, छातीशी होते. त्यांचे हात वरच थांबले, जिथे अकरा वर्षांच्या मुलीला चौदा वर्षांच्या मुलीचे हात सापडले असते. घेणारं कुणी नव्हतं. मला कळून माझे हात वर जाईपर्यंत चादर त्यांच्या बोटांतून निसटली.

"असं खुंटीशी कुणी करत नाही, आजी," मी म्हटलं. "खुंटीच्या हातात कुणी टोकं देत नाही."

त्या खाली पडलेल्या चादरीकडे बघत राहिल्या. "खुंटीपण उंचच होती," त्या म्हणाल्या.

सुनेने येऊन चादर उचलली आणि एकटीनेच, हनुवटीखाली धरून, घडी घातली.

निघताना मी विचारलं. विचारायचं नाही असं ठरवून आले होते, तरी विचारलं, कारण ते नाव मी लिहून घेतलं नव्हतं, तीनदा ऐकूनही लक्षात ठेवलं नव्हतं, आणि सुनेलाही 'ताई' एवढंच माहीत होतं. "आजी, तिचं नाव? पुस्तकात घालणार आहे. नियम काढून टाकलाय."

त्यांनी तोंड उघडलं. मी वाट बघितली. त्यांना आठवत नव्हतं, की आता मला सांगायचं नव्हतं, हे मला अजूनही माहीत नाही. डोळ्यांवरून दोन्ही खरं वाटत होतं.

"तुझ्या त्या यंत्रात असेल की," त्या म्हणाल्या. "मी तीनदा सांगितलं होतं."

मी घरी जाऊन ते रेकॉर्डिंग ऐकलं. तिन्ही जागा सापडतात. वाक्य वर चढतं, श्वास घेतल्याचा आवाज येतो, आणि लगेच पुढचं वाक्य सुरू होतं, मधे काही नसल्यासारखं. हेडफोन लावून, आवाज पूर्ण वाढवून ऐकलं. मी बटण वेळेवर दाबलं होतं. तिन्ही वेळा.

पुस्तक निघालं तेव्हा आजींची प्रत द्यायला मीच गेले. एकतिसावी नोंद चार पानांची होती, इतरांची दोन-दोन. मी पान उघडून दिलं. त्यांनी भिंग घेऊन बोटाने ओळ शोधली. भिंग एका जागी थांबलं.

"ही ती?"

"हो."

"एकतीस-अ," त्यांनी वाचलं. पुन्हा एकदा वाचलं, थोडं मोठ्याने, लांबच्या कुणाला ऐकू जावं तसं. मग भिंग पुसून डबीत ठेवलं.

"हाक मारायला काही बरं नाही गं हे," त्या म्हणाल्या.