नानीबाईने काचा लावलेला ओटा

मित्रांनो, मी एक ओटा आहे. निदान मला बांधणाऱ्यांनी तरी मला ओटा म्हणूनच बांधले होते. पुढे लोकांनी मला दुसरेच काही ठरवले आणि माझा जो गोंधळ उडाला, तो अजून पुरता मिटलेला नाही.

माझा बंजारा तांडा साखरा गावाच्या पलीकडे, उतारावर आहे. नव्वदच्या दशकात एका हिवाळ्यात हिंगोलीहून कॉलेजची मुले श्रमदान शिबिरासाठी तिथे आली. त्यांच्या हरिचंद सरांनी तांड्याला विचारले की काय बांधायचे. पुरुषांनी पाण्याची टाकी सुचवली, कुणी देवळाला कमान. मागे बायांत उभी असलेली नानीबाई म्हणाली, बायांना बसायला जागा बांधा.

तांड्यात पुरुषांची बैठक नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाच्या, दारात भरत असे. बायांनी तिथे बसायची रीत नव्हती. त्या हापशावर भेटत, आणि घागर भरली की मागची बाई पुढे सरके, म्हणजे बोलणे तिथेच तुटे.

तांड्याचा नायक वसराम हसला. "बाया बसून काय बोलणार गं नानी?"

"तेच तर बघायचं हाय नायका," नानीबाई म्हणाली. "आजवर कधी बसलोच न्हाई."

सगळे हसले आणि हसता हसता कबूल झाले. मुलांनी दगड वाहिले, तांड्याने माती कालवली आणि लिंबाच्या सावलीत मी उभा राहिलो. सर माझ्या दर्शनी भिंतीवर रंगाने चित्र काढणार होते. नानीबाई म्हणाली, रंग दोन पावसांत जाईल, आमच्याकडं काचा हायेत. मग घराघरांतून फुटके आरसे, बांगड्यांचे तुकडे, कपबशांचे कान जमा झाले. ओढणीवर आरसा जसा बसवतात, तसाच तिने तो ओल्या सिमेंटात बसवला. आधी मधोमध आरसा दाबायचा, मग त्याच्या कडेने बांगड्यांचे तुकडे टाक्यांसारखे रोवत जायचे. बाकीच्या बाया आणि कॉलेजच्या मुली तिच्या शेजारी उकिडव्या बसून तसेच करू लागल्या. बसायच्या जागेवर मात्र तिने एकही काच लावू दिली नाही. कुणाला टोचायला नको म्हणून ती तळहात फिरवून पुन्हा पुन्हा बघत होती.

त्यानंतरची वर्षे माझी सुखाची होती. माझ्यावर बसून बायांनी शेंगा फोडल्या, उवा काढल्या, भांडणे केली आणि मिटवली. नानीबाईची मुलगी शिला भरतकामाचे टाके माझ्यावर बसूनच शिकली. चुकले की आई उसवायला लावायची आणि शिला रुसून माझ्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसायची. नरसीकडे जाणारे लोक मोटारसायकल थांबवून माझ्या काचा पाहत.

मग ती ट्रकची सकाळ आली. दिवाळी नुकतीच झाली होती. ऊसतोडीला निघालेली माणसे, भांडी, कोंबड्या सगळे ट्रकमध्ये चढले होते. ड्रायव्हर खाली उतरून दोर बांधत होता. ट्रक आपोआप हलला आणि उतारावरून निघाला. खाली विहीर होती. त्याआधी मी होतो. ट्रक मला धडकून थांबला. माझा एक कोपरा ढासळला, पण कुणाला खरचटलेही नाही.

वसरामचा नातू त्या ट्रकमध्ये होता. वसरामने माझ्यापुढे नारळ फोडला, डोळे पुसले आणि म्हणाला, "ह्यानंच लेकरं वाचवली."

मित्रांनो, मी काहीच केले नव्हते. मी जिथे होतो, तिथेच होतो. पण दुसऱ्या दिवशी माझ्या डोक्यावर देवस्थानासारखा पांढरा झेंडा आला. पुढ्यात निखारे ठेवून त्यावर तूप आणि गूळ सोडून भोग लावला गेला. लोक चपला काढून येऊ लागले. आणि देवावर बसणार कोण? बाया परत हापशावर उभ्या राहिल्या.

नानीबाई वसरामला म्हणाली, "नायका, ह्यो ओटा हाय." तो म्हणाला, "तुझ्याच हातचा हाय. तुला तर बरं वाटाया पाहिजे." तिच्या बहिणीची लेकरेही त्याच ट्रकमध्ये होती. ती घागर उचलून हापशाकडे गेली.

माझी इतकी सेवा कधी झाली नव्हती आणि मी इतका रिकामाही कधी नव्हतो. दोन्ही एकाच वेळी कसे, हे मला कळेना.

काही वर्षांनी नानीबाई आजारी पडली. एका संध्याकाळी शिला तिला हाताला धरून माझ्याजवळ घेऊन आली. तिला दम लागला होता, बसायचे होते. पण समोर निखारे होते आणि लोक हात जोडून उभे होते. ती उभीच राहिली. माझी एक काच सैल झाली होती, ती तिने अंगठ्याने आत दाबली आणि घरी गेली. त्यानंतर ती आली नाही.

ती गेली. तिचे दिवस झाल्यावर वसराम शिलाकडे आला. त्याच्या मनात माया होती. माझ्याभोवती लोखंडी कठडा, वर पत्रे आणि मध्ये नानीबाईचा फोटो ठेवायचे त्याने ठरवले होते. म्हणजे तिचे काम कुणी मोडणार नाही आणि तिचे नावही राहील. तो तिला माझ्यापाशी घेऊन आला; कठड्याचे गज तिथे येऊन पडले होते. शिलाने गजांकडे पाहिले, मग काचांकडे. आईचे नाव राहावे असे कुठल्या लेकीला वाटत नाही?

मग ती पुढे आली आणि चपलांसकट माझ्यावर बसली.

हापशावरच्या बाया वळून बघू लागल्या. वसराम म्हणाला, "पोरी, काहून असं करून राहिली? देवाची जागा हाय."

"देवाला देऊळ हाय काका," शिला म्हणाली. "याडीला बसायचं होतं. उभीच ऱ्हायली."

याडी म्हणजे आई. वसरामने मान खाली घातली. तेवढ्यात पद्माबाई, जिचे गुडघे तांड्यात सगळ्यात जास्त दुखतात, घागर खाली ठेवून आली आणि शिलाच्या शेजारी टेकली.  पद्माबाईने तिच्या पाठीवर हात ठेवला.

वसरामने रीतसर भोग लावून झेंडा देवळाकडे नेला. गज मात्र बरेच दिवस तसेच पडून होते. आता बाया माझ्यावर बसतात, सगळ्या नाही, पण बसतात. पद्माबाई आधी मला नमस्कार करते, मग माझ्यावरच बसते आणि सुनेच्या तक्रारी सांगते. मी देव आहे की ओटा, हे तिला विचारावेसे वाटते.

मित्रांनो, तुमच्या गल्लीत, वस्तीत कुणी हाताने काही बांधले असेल, तर त्याला जपा. पण जपणे म्हणजे कठडा घालणे नव्हे, एवढेच मला कळले आहे. निखळलेली काच बसवा. कोपरा ढासळला तर चार जणांनी मिळून लिंपा. आणि मग बसा. थोडे सरकून बसा, कुणीतरी अजून उभे असेल.