डाव्या हाताचा खळगा

मी धार लावायचा दगड बोलतोय. कोलकात्यात, बेहालातल्या एका फ्लॅटच्या ओट्यावर ओल्या फडक्यावर मी पडून असतो. माझी एक बाजू खरखरीत, दुसरी मऊ. बोथट सुरी आधी खरखरीत बाजूवर घासायची, मग मऊ बाजूवर. एवढंच माझं काम.

मला इथल्या बाजारातून शकुनने आणलं. तिचा नवरा चारुदत्त बँकेत, साताऱ्याहून बदली होऊन आलेला. शकुन डावरी होती. मला पाण्यात भिजवायची, बुडबुडे थांबले की बाहेर काढायची आणि एका कडेला रेलून डाव्या हाताने सुरी फिरवायची. वर्षानुवर्षं तोच हात, तोच भार. माझ्या मऊ बाजूला तिरका खळगा पडला. पुढे तापाचं निमित्त झालं आणि शकुन गेली. चारुदत्तने मला तिच्या जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून माळ्यावर ठेवलं.

काही वर्षांनी त्याने यामिनीशी लग्न केलं. ती मिरजेची, बोलक्या स्वभावाची. घरातल्या सुऱ्या अशा, की टोमॅटो कापायला जावं तर चिरडायचा. तिने कपाच्या बुडाच्या खरखरीत कडेवर पातं घासून पाहिलं. फटीतून सुरी ओढायचं प्लास्टिकचं यंत्र मागवलं, तर त्याने पात्याचे टवके काढले. पोलादी कांडी आणली. पण कांडी वळलेली धार सरळ करते, गेलेली परत आणत नाही. शेवटी माळा आवरताना तिला मी सापडलो.

यामिनी उजव्या हाताची. पण उजवीकडून सुरी माझ्यावर नीट बसेना. तिने नकळत हात बदलला. पातं खळग्यात अलगद उतरलं आणि आपसूक फिरू लागलं.

त्या दिवशी चारुदत्त जेवायला बसला. ताटात टोमॅटोच्या कागदासारख्या पातळ चकत्या.

"सुरीला धार कुणी लावली?"

"मीच. माळ्यावर दगड होता."

तो तिच्या हातांकडे बघत राहिला.

त्यानंतर यामिनी कुलूप डाव्या हाताने उघडू लागली. वरण डाव्या हाताने ढवळू लागली. तिचं बोलणंही कमी झालं. तिला हे कळत नव्हतं. चारुदत्तला कळत होतं, तरी तो गप्प होता. उलट स्वतःच सुऱ्या आणून तिच्यापुढे ठेवायचा. "जरा बोथट झाल्यात," म्हणायचा. त्या बोथट नसायच्या. पात्याचा स्पर्श मला नाही कळणार तर कुणाला?

एका रविवारी सकाळी त्याने बाहेरच्या खोलीतून हाक मारली, "शकुन, चहा टाकतेस?"

"टाकते," यामिनी म्हणाली.

आधण ठेवता ठेवता तिचा हात थांबला. ती दारात गेली.

"तुम्ही मला काय हाक मारलीत?"

चारुदत्तच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. आशा होती.

"राहू दे ना असंच," तो हळूच म्हणाला. "तुझं काय जातंय?"

यामिनीने गॅस बंद केला, मला उचललं आणि गच्चीवर नेलं. माझ्या अंगावर पेन्सिलीने रेघा मारल्या. सिमेंटच्या जमिनीवर वाळू पसरली, पाणी शिंपडलं आणि मला पालथा घालून घासू लागली. डावा हात पुन्हा पुन्हा पुढे यायचा. तो तिने पदरात गुंडाळून पाठीशी धरला. कडेच्या रेघा लगेच पुसल्या गेल्या. खळग्यातल्या जाईनात.

चारुदत्त धावत वर आला. "थांब. तिचं एवढंच उरलंय."

"आणि माझं किती उरलंय?" यामिनीने मान वर न करता विचारलं.

त्याने तिच्याजवळचा तांब्या उचलला. मग खाली बसला आणि तांब्यातलं पाणी माझ्यावर धार धरून ओतू लागला. शेवटची रेघ गेली तेव्हा तो रडत होता. राखाडी चिखल वाहत पन्हळीत गेला.

आता मी सपाट आहे. चारुदत्त तिला 'यामिनी' म्हणतो. आधी क्षणभर थांबतो, मग म्हणतो. ती उजव्या हाताने धार लावते. चकत्या जाड पडतात.

तरी मी झिजतोच. आता तिच्या उजव्या हाताच्या भाराने जरासा खोलगट होऊ लागलोय. यामिनी अधूनमधून माझ्यावर पट्टी आडवी ठेवते, खालून उजेड दिसतो का ते बघते, आणि दिसला की मला पुन्हा गच्चीवर नेते. परवा चारुदत्तने विचारलं, "आता कशाला घासतेस? हा तर तुझाच खळगा."

"म्हणूनच," ती म्हणाली. "माझ्यामागून जी कुणी हा हातात घेईल, तिचा हात तिचाच राहू दे."

तुमच्याही घरात कुणाचा तरी जुना दगड असेल. त्यावर सुरी टेकवण्याआधी एकदा पट्टी ठेवून बघा.