वल्ह्यावरचे हात

“त्या बेडकाले जरा निजू दे, नूरभाई,” जीवराम हळू आवाजात म्हणाला. “पडल्या पडल्या कायले नाचवून राह्यला?”

 नूर महंमद बेडूक नाचवत नव्हता. गळाची छडी मांडीवर टेकवून तो होडीत श्वास रोखून बसला होता. गळ लपवलेला रबरी बेडूक बुडालेल्या बाभळीच्या शेंड्यापाशी, पाणवेलींच्या कडेला पडला होता. वाघूर धरणाच्या फुगवट्यावर त्या सकाळी झुळूकसुद्धा नव्हती. पाणी परातीत ओतल्यासारखं सपाट होतं. आणि तरी बेडकाभोवती बारीक वलयं उठत होती. एक विरायच्या आत दुसरं.

मरळ ही मासळी मोठी संशयी. बेडूक पाण्यात पडला की ती आधी लांबूनच अंदाज घेते. वलयं विरली, बेडूक निवांत झाला, की मग झडप. इथं वलयं विरतच नव्हती. पाणवेली जरा हलल्या, एक काळी पाठ वर येऊन वळली आणि पुन्हा खोल गेली.

“वारा हाये,” नूर महंमद म्हणाला.

जीवरामने काठावरच्या आपल्या केळीच्या बागेकडे पाहिलं. एक पान हलत नव्हतं.

“असंल,” तो म्हणाला आणि त्याने नजर दुसरीकडे वळवली.

नूर महंमद साठीला टेकलेला. राहायला मेहरूणला, आणि जळगावच्या बाजारात त्याचं शिलाई मशीन दुरुस्तीचं छोटंसं दुकान. बिघडलेलं मशीन समोर आलं की तो आधी चाक फिरवून कान लावायचा. टाका कुठे सुटतो, शटल कुठे घासतं, हे त्याला आवाजावरून कळायचं. जीवरामशी ओळख तिथंच झाली. बायकोचं, सुंदरबाईचं मशीन मोटारसायकलला बांधून तो दुकानात आला होता. मशीन होईस्तोवर बसला असताना त्याला कोपऱ्यात मासे धरायची छडी दिसली, आणि मशीनचं राहिलं बाजूला, दोघं माशांवर बोलत बसले. जीवरामची बाग धरणाला लागूनच. तेव्हापासून दर रविवारी दोघं काठावर गळ टाकून बसायचे. जीवराम मोठ्या घरचा शेतकरी, नूर महंमद हातावर पोट असलेला कारागीर. पण काठावर बसलं की ते कोणाच्या लक्षात राहत नसे.

काठावरून मोठी मरळ दिसायची, पण आवाक्यात यायची नाही. “एक होडी पायजे,” असं दोघं वर्षानुवर्षं म्हणत आले. शेवटी यंदाच्या उन्हाळ्यात नूर महंमदने कुठल्याशा बंद पडलेल्या बोटिंगमधली फायबरची जुनी होडी आणली. भेगा स्वतः बुजवल्या, रंग दिला. त्याच्या बायकोने, कनीजने, बसायला रेक्झिनच्या गाद्या शिवल्या. होडी पाण्यात उतरली त्या दिवशी सुंदरबाईने तिला हळदकुंकू लावलं आणि नूर महंमदने मनात बिस्मिल्ला म्हटलं.

आणि त्या दिवसापासून नूर महंमदला मासा मिळेनासा झाला.

काठावरून दोन घरांपुरती मासळी सहज व्हायची. आता मरळ हाताच्या अंतरावर होती, आणि त्याचा गळ रिकामा परतत होता. कधी ती बेडकाकडे फिरकायचीच नाही. कधी घ्यायची, पण झटका मारेपर्यंत थुंकून टाकायची. दोनदा तर गाठच सुटून गळासकट बेडूक गेला. जीवरामला मात्र एखाद-दुसरी मिळायची, आणि ती तो मुकाट्याने गोणपाटाखाली सारायचा.

नूर महंमदने खोट छडीत काढली. जाळी आणि दोरखंड विकणाऱ्या ललितच्या दुकानात जाऊन तो म्हणाला, “मासा घेतो, पण अडकत नाही.”

ललित तरुण होता, स्वतः गळाचा नादिष्ट. “काका, ही छडी मऊ पडते,” तो म्हणाला. “मरळीचं तोंड म्हणजे हाड. मऊ छडीचा झटका तिथपर्यंत पोचतच नाही. कडक घ्या. आणि हे साधं नायलॉनचं तंगूस काढा, वेणीसारखी विणलेली दोरी घाला. पाणवेलीतून ओढताना ताण खाते, पण तुटत नाही.”

“अन् झटका?”

“घाई नको. बेडूक तोंडात घेऊन तिला खाली वळू द्या, मग द्या. होडी लांबच थांबवा, वल्हं होडीच्या काठाला आपटू देऊ नका. आपली सावली पाण्यावर पडली तरी ती सावध होते.”

सगळं खरं होतं. नूर महंमदलाही ते ठाऊक होतं. तरी कोणीतरी समजावून सांगतंय याचं त्याला बरं वाटलं. ललितने नवी दोरी गळाला बांधून बघायला दिली, तेव्हा त्याने ती तशीच खिशात घातली. “घरी बांधीन निवांत.”

घरी तो भिंतीकडे तोंड करून गाठ बांधायला बसायचा. दोरीचं टोक गळाच्या डोळ्यापाशी यायचं आणि बाजूने निघून जायचं. ज्या हातांनी जन्मभर सुईत दोरा ओवला, ते हात आता त्या छिद्राशी हुज्जत घालत होते. कनीज दारात काजं-बटणं करत बसलेली असायची. गेले काही महिने ती त्याला चहा अर्धा कपच देत होती, आणि थोड्या वेळाने पुन्हा अर्धा. कारण तिने सांगितलं नव्हतं, त्याने विचारलं नव्हतं.

“लाओ, मैं बांध देती,” ती एकदा म्हणाली.

“आता है मुझे,” तो मागे न बघता म्हणाला.

कडक छडीनेही काही झालं नाही. मग त्याने रीळ बदललं. मग बेडूक सोडून चंदेरी प्लास्टिकचा मासा घेतला, पोटाखाली गळांचे दोन झुबके असलेला. तो देताना ललितने बजावलं होतं, “होडीत दोघं असाल तर जपून, काका. बेडकाचे गळ रबरात लपलेले असतात. याचे उघडे आहेत.”

त्या रविवारी आभाळ भरून आलं होतं. नूर महंमद होडीच्या पुढच्या टोकाला, जीवराम मागे. चौथ्या की पाचव्या फेकीला नूर महंमदने छडी मागे नेली आणि जोरात पुढे आणली. छडी डोक्यावर आली की बोटाने दोरी सोडायची असते. हे त्याने हजारो वेळा केलं होतं. या वेळी बोट सुटलं नाही. सुटलं ते उशिरा, आणि चंदेरी मासा पुढे जायच्या ऐवजी गोल फिरून मागे आला.

जीवरामच्या तोंडून नुसता “हं” असा आवाज निघाला.

नूर महंमदने वळून पाहिलं. तो मासा जीवरामच्या गालावर लटकत होता. एक गळ डोळ्याच्या खाली, हाडाला लागून आत गेला होता.

“दोरी सोड,” जीवराम म्हणाला. “ओढू नको. सोड पयले.”

नूर महंमदने दोरी कापली. डब्यातून पकड काढली. गळाची दांडी तोडून टाकली की मासा सुटा होणार होता, आतलं टोक मग डॉक्टरने काढलं असतं. काम मिनिटाचं. मशीनच्या पोटातली मोडलेली सुई त्याने आयुष्यभर याच पकडीने काढली होती. तो जीवरामसमोर गुडघ्यावर बसला आणि पकड त्याच्या डोळ्याजवळ नेली.

पकडीचं तोंड डोळ्यासमोर थरथरत होतं. त्याने दुसऱ्या हाताने मनगट धरलं. मग दोन्ही हात थरथरू लागले. जीवराम न हलता त्या हाताकडे बघत होता. गालावरून रक्ताची रेघ मिशीत उतरली होती.

“राहू दे,” जीवराम म्हणाला. “वल्हे घे.”

नूर महंमदने वल्ही धरली. मुठी आवळल्या आणि होडी काठाकडे वळवली. हात एकदम शांत झाले. होडी सुतासारखी सरळ निघाली. पाणी कापत जाणाऱ्या त्या वल्ह्यांकडे बघताना त्याला रडू आवरेना, कारण आता वाऱ्याचं किंवा छडीचं नाव सांगायची सोय उरली नव्हती.

गावच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी गळ काढला, टाका घातला. “बोटभर वर असता तर डोळा गेला होता,” त्या म्हणाल्या. मग हात धुता धुता त्यांची नजर बाकावर बसलेल्या नूर महंमदच्या मांडीवर गेली. “काका, हात कधीपासून असा आहे?”

“नाही, ते गाडी चालवून...”

“पावसाळ्याच्या आधीपासून,” जीवराम म्हणाला.

नूर महंमदने त्याच्याकडे पाहिलं. जीवराम गालावर कापूस दाबून जमिनीकडे बघत होता.

जळगावच्या डॉक्टरांनी त्याला चालायला लावलं, बोटं उघडझाप करायला लावली, कागदावर नाव लिहायला लावलं. ओळीच्या शेवटी अक्षर मुंगीएवढं झालं. कंपवात, डॉक्टर म्हणाले. गोळ्यांनी पुष्कळ आराम पडेल, पण मुळापासून जाणार नाही. हळूहळू वाढत राहील.

 परतताना रिक्षात कनीजने त्याचा हात आपल्या बुरख्याखाली ओढून घेतला.

“तुझे मालूम था?” त्याने विचारलं.

“तुम बोलोगे, इसकी राह देख रही थी.”

त्यानंतर दुकानात तिच्यासाठी एक स्टूल आलं. तो चाक फिरवून ऐकायचा आणि सांगायचा, पेचकस-पकड ती चालवायची. पहिल्या दिवशी एका गिऱ्हाइकाने विचारलं, “उस्ताद, आजकाल भाभी?” नूर महंमद शटलमध्ये तेल सोडायचं निमित्त करून खाली वाकला आणि ते गिऱ्हाईक जाईपर्यंत वर उठला नाही. रविवार आले आणि गेले. होडी जीवरामच्या बागेत उलटी पडून होती. जीवरामचा फोन आला नाही, त्यानेही केला नाही.

अखेर दिवाळीनंतर एका सकाळी तो एस.टी.ने जीवरामच्या गावी गेला. सुंदरबाई ओट्यावर कापूस निवडत होती. तिने पाणी दिलं, बसा म्हणाली नाही.

“वहिनी, मी होडी द्यायला आलो,” तो उभ्यानेच म्हणाला. “जीवरामले ठेवू द्या. मले आता तिचा उपयोग नही.”

“आमाले काय करायची होडी?” सुंदरबाई म्हणाली. “त्यायले पवता येते का? वल्हं तरी धरता येते? अन् एक इचारू, नूरभाऊ? त्यायचा डोळा गेला असता तं?”

 “मी रोज तेच इचारतो सोताले,” तो म्हणाला.

आतून जीवराम आला. गालावर पांढरट वण राहिला होता.

“तुले दिसत होतं,” नूर महंमद त्याला म्हणाला. “इतके महिने दिसत होतं. एक शब्द बोलला नही.”

जीवराम खांबाला टेकला. “तू दर खेपेले नवी छडी आणायचा,” तो म्हणाला. “मले वाटे, एखादी लागू पडंल.”

 सुंदरबाईने कापसाची पाटी पुढे ओढली. मग ती उठली आणि आत जाऊन तिने चहा टाकला.

“छडीले हात लावणार नही मी,” नूर महंमद तिला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला. “नुसता होडी चालवतो. येतो का?”

जीवरामने आतल्या दाराकडे पाहिलं. आतून भांड्यांचा आवाज आला, पण नाही असं कोणी म्हटलं नाही.

होडी पाण्यात ढकलली तेव्हा ऊन वर आलं होतं, मरळीची वेळ टळत आली होती. नूर महंमदने वल्हं न वाजवता होडी बाभळींपासून लांब उभी केली, सावली मागे पडेल अशी. जीवरामने नूर महंमदचीच कडक छडी घेतली होती. बेडूक पाणवेलींच्या कडेला पडला. बराच वेळ काही झालं नाही. मग पाणी फाटल्यासारखा आवाज झाला आणि बेडूक दिसेनासा झाला.

“थांब,” नूर महंमद पुटपुटला. “वळू दे. आता.”

जीवरामने झटका दिला. छडी कमानीसारखी वाकली. मासा मोठा होता आणि सरळ बाभळींकडे निघाला होता. नूर महंमदने पाय रोवले आणि तो होडी उलटी वल्हवत मरळीला मोकळ्या पाण्याकडे ओढू लागला. हात डगमगले नाहीत. एकदा ती मरळ वर उसळली. तिची पांढरी कूस दोघांनीही पाहिली. मग ती फांद्यांत शिरली, दोरी खोडावर घासली, आणि छडी एकदम सरळ झाली.

“गेली,” जीवराम म्हणाला.

“गेली.”

दोघं धापा टाकत बसले. जीवरामने दोरीचं मोकळं टोक ओढून घेतलं. सवयीने त्याने ते नूर महंमदच्या पुढे धरलं. इतकी वर्षं गाठी नूर महंमदच बांधायचा. दुसऱ्या कोणाची गाठ त्याला पटत नसे.

दोरीचं टोक दोघांच्या मध्ये लोंबत राहिलं. नूर महंमदने त्या टोकाकडे पाहिलं, पण वल्ह्यावरचे हात उचलले नाहीत.

“माह्याच्यानं नही व्हत, जीवराम,” तो म्हणाला. “तू बांध. मी होडी धरतो.”

जीवरामने मान हलवली आणि डब्यातून दुसरा बेडूक काढला. त्याची चाळिशी घरीच राहिली होती. गळ डोळ्यांपासून लांब धरून, मग जवळ आणून, तो छिद्र शोधत राहिला. एकदा चुकला, दोनदा चुकला. दुपारचा वारा सुटला होता आणि होडीला काठाकडे लोटत होता. नूर महंमद एक वल्हं दाबून, दुसरं जरा सैल सोडून तिचं तोंड वाऱ्याकडे धरून राहिला. त्याने घाई कर म्हटलं नाही, असं बांध, तसं बांध म्हटलं नाही. जीवरामची गाठ होईपर्यंत होडी जागची हलली नाही.